सुट्टीवरचा पाय

“ही चाळणी कुणाची?”

शेटेमास्तरांनी माझं दीड वर्षाचं संशोधन दोन बोटांच्या चिमटीत उचललं आणि अख्ख्या वर्कशॉपला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

“चाळणी नाही ती, मास्तर. माझ्या पीएचडीचं मटेरियल आहे.”

“असं होय! मग पीएचडी फाटली की तुमची. ही बघा, हितनं.”

लेथवरची पोरं फिदीफिदी हसली. मी पुढे होऊन ती शीट त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतली. फाटली होती हे खरंच होतं, म्हणून तर राग आला.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, सांगलीच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात संशोधन करत होते आणि आपल्याइतकं हुशार त्या आवारात दुसरं कोणी नाही अशी माझी ठाम समजूत होती. काम सांगायला सोपं, करायला जीवघेणं. रबरासारख्या प्लॅस्टिकची एक शीट, मशीनवर छापून काढलेली. सबंध शीटभर नखाएवढे त्रिकोण, एकमेकांना फक्त कोपऱ्यांनी चिकटलेले, मधे मोकळी भोकं. सगळ्यांतून ओवलेल्या दोन बारीक दोऱ्या. लाल दोरी ओढली की चारशे त्रिकोण जागच्या जागी फिरायचे, कडेला कड भिडायची, भोकं मिटायची आणि शीट पाटासारखी कडक व्हायची. पांढरी ओढली की त्रिकोण उलटे फिरायचे आणि तीच शीट फडक्यासारखी मऊ. प्लॅस्टिक तेच, वजन तेच, फक्त आतली मांडणी बदलली की स्वभाव बदलायचा. निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात चाळीस-पन्नास घड्या झाल्या की कोपरे टराटरा फाटायचे आणि मी रडकुंडीला यायचे.

“काय करतंय काय पण हे?” मास्तरांनी विचारलं.

त्यांचं तोंड बंद करावं म्हणून मी एक अजून धड असलेली शीट काढली, त्यांच्या हातावर टाकली. ती लोळागोळा होऊन लोंबली. मग लाल दोरी ओढली. टप टप टप टप, ओळीनं टिचबटणं लावावीत तसा आवाज झाला आणि शीट त्यांच्या तळहातावर ताठ उभी राहिली.

मास्तरांनी शीट डोळ्यांजवळ नेली. अंकुश शेटे या माणसाला चेष्टा सुचली नाही, असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

“परत करा,” ते म्हणाले.

मी केलं. “अजून एकदा.” सातव्या वेळी कोपरा फाटला. त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी टेबलावरचा पाना उचलला आणि पँटवरून आपल्या उजव्या गुडघ्यावर हाणला. ठण्ण.

“ह्याच्या जागी हे बसंल का, मॅडमबाई?”

मास्तर दोन वर्षांचे असताना त्यांचा उजवा पाय पोलिओनं नेला होता. कंबरेपासून टाचेपर्यंत लोखंडी कॅलिपर, त्यात काडीसारखा पाय. त्या कॅलिपरवर उभं राहून त्यांनी सव्वीस वर्षं पोरांना कानशीनं लोखंड घासायचं काम शिकवलं होतं. पायाबद्दल ते कधी बोलायचे नाहीत, बोलले तर चेष्टाच. आदल्या खंडेनवमीला मशीनांना हार घातले, पेढे वाटले, आणि पोरांच्या रांगेत उभी राहून मीही मास्तरांना वाकून नमस्कार करायला गेले. त्यांनी चटकन उजवा पाय स्टुलाखाली ओढून घेतला. “एकच बास,” म्हणाले, “दुसरा सुट्टीवर आहे.” सगळे हसले, मीही हसले. दर वर्षीचा विनोद होता तो.

आता मात्र ते हसत नव्हते.

“वीस मेला वैजूचं लग्न आहे,” ते म्हणाले. “मला कन्यादानाला पाटावर बसायचंय. मांडी घालून. ह्या सांगाड्यात गुडघा मुडपतो, पण मांडी बसत नाही. अन् हा काढून बसलो, तर उठताना दोघांनी काखेत हात घालून उचलायचं. भर मांडवात. नको वाटतंय.”

“अहो, पण हल्ली सगळे खुर्चीवरच बसतात की. गुडघेदुखीवाले तर सर्रास.”

“खुर्ची पाहुण्याला देतात, मॅडमबाई.”

एवढं बोलून ते पाना पुसत बसले. मग हळूहळू निघालं. बहिणीच्या, सुमनच्या लग्नात वडील नव्हते, कन्यादान थोरल्या भावानं करायचं. पण चुलते म्हणाले, अंकुशला पाटावर बसता यायचं नाही, कशाला तमाशा, आम्ही उरकतो. मास्तरांना मांडवाच्या खांबापाशी लोखंडी खुर्ची दिली, हातात सरबताचा पेला दिला. “पाहुण्यासारखा बसून बहिणीचं लग्न बघितलं,” ते म्हणाले. “आता चुलतभाऊ परवा घरी आला होता. तेच. तू दगदग करू नको, मी बसतो पाटावर. पोरगी माझी अन् हा बसणार!”

मी हो म्हणाले. विचारबिचार काही केला नाही. माझे गाईड वागळे सर ऐकून म्हणाले, “केतकी, आधी पेपर, मग पाय.” मी मान डोलावली आणि दुपारी सरळ वर्कशॉपमध्ये गेले.

पहिलं भांडण कोपऱ्यांवरून झालं. मास्तरांनी भिंग लावून फाटलेला तुकडा न्याहाळला आणि कपाळावर हात मारला. “अहो, हा आतला कोपरा किती धारदार ठेवलाय! चीर हितनंच सुरू होणार. कुणी शिकवलं तुम्हाला?”

“कॉम्प्युटरवर रेषेला रेषा अशीच मिळते.”

“कॉम्प्युटरला कुठं फाटायचंय?”

पत्र्याला चीर गेली तर तिच्या टोकाला बारीक भोक पाडायचं, म्हणजे चीर तिथं थांबते, हे वर्कशॉपमधलं पहिल्या वर्षाचं पोरगंही जाणतं. मी फ्रॅक्चर मेकॅनिक्सची तीन जाडजूड पुस्तकं वाचली होती, पण माझ्या शीटच्या कोपऱ्याला तेच लागू होतं हे काही डोक्यात आलं नव्हतं. मास्तर हातातलं छोटं ड्रिल घेऊन बसले आणि एका शीटचे सगळे कोपरे गोल करत सुटले. तीन दिवस. मधून मधून मान वर करून म्हणायचे, “तीनशे बारा झाले. डॉक्टरेट कुणाला मिळणार म्हणालात?”

मग त्यांनी जुन्या शिलाई मशीनची मोटर काढून एक जुगाड बनवला. शीटची घडी घाल, उलगड, घडी घाल, उलगड, दिवसभर. पोरं पैजा लावायची. शंभर झाल्या, पाचशे झाल्या. दोन हजार ओलांडल्या तेव्हा मास्तरांनी सगळ्यांना भडंग खाऊ घातला आणि मी वर्कशॉपमध्ये अक्षरशः नाचले. दहा हजारांनंतरही शीट धडधाकट होती. मोटर जळाली.

मास्तर पायाचं माप देत होते तेव्हा मात्र खोलीत दुसऱ्या कोणाला येऊ देत नसत. पँट वर करताना नजर खिडकीबाहेर. मीही खाली बघून टेप लावायचे. मांडीपासून पोटरीपर्यंत पायमोज्यासारखी बसणारी शीट करायची ठरली. दोन्ही दोऱ्या वर नेऊन कंबरेच्या पट्ट्यातून बाहेर काढायच्या. लाल ओढली की पाय ताठ, उभं राहायचं. पांढरी ओढली की पाय मऊ, मांडी घालायची. लाल-पांढरं मीच ठरवलं. लॅबमध्ये लाल म्हणजे विचार केल्याशिवाय हात लावायचा नाही. याहून स्पष्ट काय असणार?

एप्रिलमध्ये पहिली चाचणी. मास्तर पांढरी ओढून स्टुलावर पाय मुडपून बसले, खुशीत आले आणि “आता बघा” म्हणून बसल्या बसल्याच लाल दोरी खेचली. टपटपटप! काडीसारखा तो पाय गोफणीतल्या दगडासारखा पुढे सुटला आणि समोरचा ऑईलचा डबा कोपऱ्यात जाऊन आदळला. मग मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

“पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा लाथ मारली बघा!”

“मास्तर, हसू नका. बसलेलं असताना लाल दोरीला हात लावायचा नाही. आधी काठीवर उभं राहायचं, मग लाल. लिहून घ्या.”

“लिहितो की. पण डबा कसा गेला!”

वीस मे. तासगावच्या मंगल कार्यालयात मी सकाळी आठलाच हजर. पर्समध्ये कात्री, पक्कड, सुटी दोरी आणि जास्तीची शीट. लग्नाला आलेय की मोटार दुरुस्तीला, असं माझं मलाच वाटत होतं. मास्तरांनी धोतर नेसलं होतं, आतून आमचा पायमोजा, अंगात नवा सदरा, खांद्यावर जरीचं उपरणं. कॅलिपर घरी ठेवून आले होते. “राखणीला ठेवलाय,” म्हणाले. कपाळावर मात्र घाम होता.

बारा पस्तीसचा मुहूर्त. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. मग भटजींनी हाक दिली, “वधूपिता कोण? या, पाटावर या.”

चुलतभाऊ तयारीतच होता. पुढे सरकून म्हणाला, “अंकुशला तिकडं खुर्ची द्या रे.” आणि खरंच कोणीतरी खुर्ची उचलून आणली.

मास्तर काठी टेकत आले. पाटापाशी थांबले. डाव्या हातानं कंबरेपाशी काहीतरी चाचपलं. टप टप टप टप. मला ऐकू आलं, बाकी कोणाला सनईत ऐकू आलं नसेल. काठी सोडली, शेजारी बायकोच्या, आमच्या काकूंच्या, खांद्याला जरासा हात लावला, आणि माणूस अलगद खाली बसला. मांडी घातली. उजव्या पायावर डावा पाय, धोतराचा घोळ सारखा केला, आणि भटजींकडे बघून म्हणाले, “हं. बोला, काय करू?”

माझे डोळे भरून आले. लाज कसली, सांगतेच, मी पदरानं नाक पुसलं. चुलतभाऊ खुर्ची धरून तसाच उभा राहिला आणि शेवटी स्वतःच तिच्यावर बसला.

सुमनआत्या, म्हणजे ज्यांच्या लग्नात मास्तर खांबापाशी बसले होते त्या, एवढा वेळ मागे उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या. “थांबा भटजी. जोडप्याची गाठ बांधायची राहिली. ती मी बांधणार. माझ्या लग्नात राहिली होती ही.” त्या मागून दोघांच्या मधे वाकल्या, काकूंच्या पदराचं टोक घेतलं, उपरण्याचं टोक घेतलं, गाठ मारली आणि तिला हळदकुंकू लावून उठल्या. मी समोरून, फोटोग्राफरच्या खांद्यावरून बघत होते. छान वाटलं.

विधी चांगले पाऊण तास चालले. नवरदेव हेमंत, पेशानं शाळामास्तर, समोरच्या पाटावर, शेजारी वैजू, दोघंही घामाघूम. मास्तर हलले नाहीत. शेवटी वैजूचा हात हेमंतच्या हातात ठेवला, वर मास्तरांचे हात, आणि काकूंनी तांब्यातून पाण्याची धार धरली. मास्तर मंत्र म्हणत होते की नुसतेच ओठ हलवत होते कोण जाणे. धार संपली. झालं. कन्यादान झालं, बापानं केलं, पाटावर बसून केलं. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात फोटोग्राफर बाजूला सरकला आणि मला ती गाठ नीट दिसली. पदर, उपरणं, आणि त्या दोघांच्या मधे घट्ट आवळलेली, वर कुंकवाचं बोट लावलेली, माझी लाल दोरी.

आत्याबाईंचं काय चुकलं? लग्नघरात यजमानाच्या कंबरेशी लाल दोरा दिसला तर तो शुभाचाच असणार. लाल म्हणजे धोका, हे आम्हा लॅबवाल्यांचं खूळ.

“वहिनी,” भटजी म्हणाले, “उठा, त्या ताटातलं श्रीफळ द्या.”

“काकू, उठू नका!” मी ओरडले. तीनशे माणसं माझ्याकडे वळली. आणि काकू, कोण ओरडलं ते बघायला, ताडकन उठल्या.

टपटपटपटप!

मास्तरांचा उजवा पाय मांडीतून सुटला. तांब्या उडाला, अक्षतांचं ताट फिरलं, भटजी “अरे अरे” करत मागे कलंडले आणि पाय सरळ समोर, नवरदेवाच्या पाटाच्या कडेवर जाऊन थांबला. धोतर गुडघ्यापर्यंत वर गेलेलं. आमच्या शीटमधून खाली आलेली काडीएवढी पोटरी आणि लहान मुलासारखं आखडलेलं ते पाऊल, तीनशे माणसांसमोर, उघडं.

वाजंत्रीवाल्यांनीसुद्धा वाजवणं थांबवलं. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. ते धोतर ओढायला वाकले, पण पाय लाकडासारखा ताठ, मागे घेता येईना. मी माणसं ढकलत धावले, हातात कात्री.

मी पोचायच्या आधी हेमंत खाली वाकला. त्यानं दोन्ही हातांनी ते पाऊल धरलं आणि त्याच्यावर डोकं टेकवलं. नीट, सावकाश, मुंडावळ्या सावरत. नंतर तो मला म्हणाला होता, “मामांनी पाय पुढं केला, म्हणजे नमस्कार करायचा, असंच वाटलं मला. उजवा आधी पुढं केला म्हणजे तशी पद्धत असंल त्यांच्यात.” त्याचं पाहून वैजू वाकली. कधी नव्हे तो बापाचा हा पाय तिच्या हाताला लागला होता. तिनं कपाळ टेकवलं ते लवकर उचललंच नाही.

मी गुडघ्यावर बसून गाठीला कात्री लावणार, तर मास्तरांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं.

“मॅडमबाई,” ते पुटपुटले, “सोडू नका एवढ्यात. जरा राहू दे असाच.”

मग मागून सुमनआत्या आल्या आणि वाकल्या. मग काकूंची भावंडं, पुतणे, वर्कशॉपची पोरं. चुलतभाऊही खुर्चीवरून उठून आला, पण तो वयानं मोठा म्हणून नुसता पायाला हात लावून उभा राहिला. भटजी अक्षता गोळा करत म्हणाले, “चालू द्या, चालू द्या, मुहूर्त काय, झालाय.” आणि वाजंत्री पुन्हा सुरू झाली. मी लाल दोरीचं टोक हातात धरून तिथेच बसून राहिले, आणि जेवायला पंगत बसेपर्यंत काही ती गाठ सोडवली नाही.

पेपर पुढे झाला, पीएचडीही झाली. वागळे सरांनी भर समारंभात सांगितलं की कोपरे गोल करण्याची कल्पना त्यांचीच. असू दे. मी दोऱ्यांचा रंग मात्र बदलला. निळी आणि करडी.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला नेहमीसारखे हार झाले, पेढे झाले. मास्तर स्टुलावर बसले होते. रांगेत माझा नंबर आला. मी सवयीनं वाकले, डाव्या पायाला हात लावला आणि वळून निघाले.

“ओ मॅडमबाई!” अख्ख्या वर्कशॉपला ऐकू जाईल अशा आवाजात मास्तर ओरडले. “निघालात कुठं? दुसरा राहिला की.”

मी वळून पाहिलं. उजवा पाय स्टुलापुढे, डाव्याच्या शेजारी, ऐटीत ठेवलेला होता.

“सुट्टी संपली त्याची,” ते म्हणाले. “वीस मेपासून रुजू झालाय तो.”